दोन पिनांचा काळ

सोलापुरात विजेच्या जुन्या वस्तू दुरुस्त करणारे जे थोडेफार लोक उरलेत, त्यांचं मूळ शोधत गेलं तर बहुतेकदा कुठल्या ना कुठल्या मिलच्या दारात जाऊन पोचतं. मुरारजी गोकुळदासांनी इथं सुरू केलेली कापड गिरणी १८७७ सालची. पुढं तिलाच लोक जुनी मिल म्हणू लागले. मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा मिला उभ्या राहिल्या आणि अख्खं गाव भोंग्यावर उठू-जेवू लागलं. मिलमध्ये विजेची मशिनं आली तशी ती सांभाळणारी माणसं लागली. वायरमन, मोटारी रिवाइंड करणारे, स्विचबोर्डवाले. माझे वडील त्यांच्यातलेच. पाळी सुटली की घरी येऊन जेवायचे आणि गल्लीतल्या लोकांनी आणून ठेवलेल्या इस्त्र्या, पंखे, रेडिओ उघडून बसायचे. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी सगळी गिऱ्हाईकं एकाच ओट्यावर यायची. मी तिथंच शिकलो.

वडिलांची एक गोष्ट मला त्या वयात कळत नव्हती. मिलमधल्या मोटारीबद्दल ते अगदी निर्धास्त असायचे, पण घरात कुणी इस्त्री लावली की ओरडायचे, "पायात चप्पल घाल आधी!" अडीचशे-तीनशे अश्वशक्तीच्या यंत्राची भीती नाही आणि साडेचारशे वॅटच्या इस्त्रीची भीती, हे काय? उत्तर नियमाच्या पुस्तकात होतं. भारतीय विद्युत नियम, १९५६ प्रमाणे कारखान्यातल्या मोटारीच्या सांगाड्याला दोन वेगवेगळ्या जोडण्यांनी अर्थ द्यावा लागायचा, म्हणजे तो जमिनीशी जोडावा लागायचा. एक तुटली तरी दुसरी राहावी म्हणून. मिलमध्ये तांब्याच्या पट्ट्या सगळ्या खात्यांतून फिरवलेल्या असायच्या. तोच कामगार घरी आला की त्याच्या बायकोच्या हातातल्या लोखंडी इस्त्रीला एकही अर्थ नसायचा.

कारण घरं उजेडापुरतीच वायर केलेली होती. सागवानी केसिंग-कॅपिंग किंवा बॅटनपट्टी, तिच्यातून दोन वायरी, खोलीत एक बल्ब. इस्त्री आली तेव्हा तिच्यासाठी वेगळी लाईन कोण ओढणार? बल्ब काढायचा, होल्डरमध्ये अडाप्टर घालायचा आणि इस्त्री तिथंच टांगायची. भिंतीत पॉइंट असलाच तर दोन पिनांचा. तीन गोल पिनांचा प्लग आपण इंग्रजांकडून घेतला. त्यांचं बीएस ५४६ हे मानक १९३४ चं. १९४७ मध्ये त्यांनी चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग ठरवला आणि हळूहळू सगळा देश त्यावर नेला. आपल्याकडं गोल पिना राहिल्या. त्या प्लगची वरची पीन लांब आणि जाड असते ती मुद्दाम. आत जाताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा, निघताना सगळ्यात शेवटी सुटावा. इतका विचार करून घडवलेल्या सॉकेटात आपल्या लोकांनी उघड्या वायरी घातल्या आणि त्या आगपेटीच्या काड्यांनी घट्ट केल्या. अजून करतात.

गिऱ्हाईक म्हणतं, "मालक, फ्यूज आहे की घराला." फ्यूज माणसासाठी नसतोच, तो वायर जळू नये म्हणून असतो. अंगातून एक मिलिअँपिअर गेला तर मुंग्या येतात. दहा-पंधराच्या वर मूठ आवळली जाते आणि हातातली वस्तू सोडता येत नाही. तीस-पन्नासच्या पुढं हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून दोनशे-सव्वादोनशे मिलिअँपिअर सहज जातात. माणूस जातो, फ्यूज तसाच राहतो.

अर्थिंगचीही इथली एक अडचण आहे. खड्डा खणायचा, त्यात तांब्याची नाहीतर जीआयची प्लेट उभी करायची, भोवती मीठ-कोळशाचे थर द्यायचे, वर पाणी ओतायला नळी ठेवायची, ही पद्धत सगळीकडं तीच. पण सोलापूरचा उन्हाळा चव्वेचाळीस अंशांपर्यंत जातो. काळ्या मातीला भेगा पडतात, मुरूम कोरडाठाक होतो आणि कोरड्या मातीतून वीज जमिनीत उतरत नाही. खड्ड्याचा रोध वाढून पन्नास ओहम झाला, तर दोनशे तीस व्होल्टला जेमतेम साडेचार अँपिअर वाहतात. पाचाचा फ्यूज जागचा हलत नाही आणि इस्त्रीच्या बॉडीत करंट खेळत राहतो. म्हणून जुने वायरमन उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगायचे. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथं ती बादली जमिनीत ओतायची म्हटलं की बायकांच्या जिवावर यायचं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आता तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी मिळतो. बाहेर गेलेला करंट परत आला नाही एवढं कळलं की तो सेकंदाच्या लहानशा भागात लाईन तोडतो. जुनी वस्तू घरात चालवायची असेल तर तो बसवल्याशिवाय मी ती गिऱ्हाईकाच्या ताब्यात देत नाही.

आमच्या धंद्याची सगळी भिस्त सिरीज बोर्डवर होती. लाकडी फळीवर एक बल्ब, एक सॉकेट, दोन उघडी टोकं. वस्तू बल्बच्या ओळीत जोडायची. बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट, अजिबात पेटला नाही तर कॉईल तुटलेली, मंद पेटला तर ठीक. मग एक टोक बॉडीला लावून बघायचं आणि बल्ब पेटला नाही की "बॉडी साफ आहे" म्हणून द्यायची. अतिशय हुशार साधन आहे ते. मी अजून रोज वापरतो. पण साठ वॅटचा बल्ब पूर्ण पेटायला अडीचशेच्या वर मिलिअँपिअर लागतात. तीस-चाळीस मिलिअँपिअरला त्याची तार लालसरसुद्धा होत नाही. म्हणजे माणूस मारायला पुरेल एवढी गळती असूनही बल्ब काळाच राहतो. कित्येक वर्षं, गावोगाव, असंख्य इस्त्र्या या काळ्या बल्बच्या भरवशावर घरोघरी परत गेल्या. दुरुस्ती करणारे बेफिकीर नव्हते. त्यांच्यापाशी दुसरं साधन नव्हतं. मिलमध्ये इन्सुलेशन मोजणारा, हातानं फिरवायचा मेगर असायचा, पाचशे व्होल्टचा. वडिलांना त्याची किंमत ठाऊक होती, पण ओट्यावर बसून चार-आठ आण्यांत इस्त्री दुरुस्त करणाऱ्याला तो कुठून परवडणार? मला जुन्या बाजारात एक मिळाला, तेव्हा मी सगळ्यात आधी तोच घेतला.

इस्त्रीचंच सांगतो, कारण ती सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात जास्त फसवते. मुठीचा स्क्रू काढून वरचं टोपण उचललं की आत बिडाची जड दाबपट्टी दिसते. तिच्याखाली बहुधा ॲस्बेस्टॉसचा पत्रा, त्याखाली अभ्रकाचे दोन पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये अभ्रकावरच गुंडाळलेली नायक्रोमची चपटी पट्टी. नायक्रोमचं पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्शनं १९०६ साली घेतलं आणि लाल होऊनही न जळणारी तार जगाला मिळाली. अभ्रक बहुतेक आपल्याच कोडरम्याकडचं. हा जोड चांगला असतो. पण वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन अभ्रकाचे पदर सुटतात, कडेला भुगा होतो आणि पट्टी बॉडीपासून केसभर अंतरावर येते. इस्त्री थंड असताना मेगर छान आकडा दाखवतो. तापवून पुन्हा लावला की काटा घसरतो. म्हणून मी दोन्ही वेळा मोजतो, आणि तापलेल्या अवस्थेत एक मेगओहमच्या खाली आली तर एलिमेंट बदलतो. पावसाळ्यात पडून राहिलेली असेल तर आधी उन्हात वाळवतो. सोलापूरचं ऊन त्या कामाला फार चांगलं.

ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याला मात्र कोरडा हात लावत नाही. आधी तो पाण्यानं भिजवायचा, तोंडाला चांगला मास्क लावायचा, फुंकर मारायची नाही, काढून पिशवीत सीलबंद करायचा. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर दुखणं वीस-चाळीस वर्षांनी वर येतं. ब्रिटननं १९९९ साली त्यावर पूर्ण बंदी घातली. आमच्या आधीच्या पिढीतले कारागीर इस्त्री उघडली की पहिलं काम म्हणून आत जोरात फुंकायचे. जुन्या इस्त्रीच्या वायरीतही कापडाच्या विणीखाली तेच तंतू असत, म्हणून ती वायरही जाते. नवी वायर तीन तारांची. हिरवी तार तळपट्टीच्या स्क्रूखाली, तिथला गंज आणि रंग खरवडून, दातेरी वायसर घालून आवळायची. रंगावर आवळलेला अर्थ म्हणजे अर्थ नव्हे.

रेडिओचा धोका निराळाच. व्हॉल्व्हच्या अनेक सेटांत ट्रान्सफॉर्मर नसायचा. कोलकात्यासारख्या शहराच्या काही भागांत डीसी वीज बरीच वर्षं होती, त्यामुळं दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे एसी-डीसी सेट विकले जात. ते स्वस्तही पडत. अशा सेटात लाईनची एक वायर सरळ चेसीला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग, तो उलटासुलटा कसाही बसतो. एका बाजूनं घातला तर चेसी न्यूट्रलवर, दुसऱ्या बाजूनं घातला तर संपूर्ण लोखंडी चेसी फेजवर. माणूस आणि तो करंट यांच्या मधे फक्त लाकडी पेटी, मागचा पुठ्ठा आणि बॅकेलाईटची बटणं. बटणाच्या कडेला एक बारीक खाच असते, तिच्या तळाशी दांड्याला आवळणारा स्क्रू. कारखान्यात ती खाच मेणानं बुजवून द्यायचे. मधल्या काळात कुणीतरी बटण काढलेलं असतं, मेण गेलेलं असतं, आणि स्टेशन लावणाऱ्याच्या बोटाचं टोक त्या स्क्रूवर टेकतं. बटणच हरवलेलं असेल तर लोक उघडा दांडा पक्कडीनं फिरवतात. त्या काळी रेडिओ ऐकायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे. पेटीच्या मागचा पुठ्ठा जागेवर आहे का, हे मात्र कुणी विचारत नसे. असा सेट मी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावूनच सुरू करतो, मेणकागदाचे सगळे कपॅसिटर बदलतो आणि खाचा पुन्हा मेणानं भरतो. पेटी, काच, कापड, काटा यांना हात लावत नाही.

सरकारी बंधन उशिरा आलं. भारतीय मानक संस्था, म्हणजे आयएसआय, १९४७ ची, पण घरगुती विद्युत उपकरणांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १९८१ चा. २००३ साली वायरी, स्विच, उपकरणं यांच्यासाठी नवा आदेश आला. आयएसआयचा शिक्का सक्तीचा होण्याआधीच्या वस्तू ज्याला जशा जमल्या तशा बनवलेल्या आहेत. त्यांतल्या काही आजच्यापेक्षा कितीतरी भक्कम, हे मी रोज बघतो. भक्कमपणामुळंच लोक फसतात. पन्नास वर्षांपूर्वीचा पंखा हातानं फिरवला की गरगर फिरतो, म्हणून त्याच्या आतली रबराची वायर सुकून बिस्किटासारखी तुटतेय याकडं लक्ष जात नाही.

आता येणारी गिऱ्हाईकं बहुतेक नातवंडं. पुण्या-हैदराबादला नोकरीला असतात, वाडा पाडायला निघाला की माळ्यावरची ट्रंक उघडतात. "आजोबांची आहे, चालू करून द्या." मी विचारतो, चालवायची आहे की ठेवायची आहे? ठेवायची असेल तर मूळ वायर, मूळ प्लग सगळं जसंच्या तसं ठेवतो, पण आतली जोडणी सोडवून टाकतो, म्हणजे कुणी प्लग लावला तरी वीज आत शिरणार नाही. चालवायची असेल तर आतलं बदलतो आणि काढलेले भाग पिशवीत घालून परत देतो. टोपणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवतो. तारीख, काय बदललं, मेगर थंड किती, गरम किती. माझ्यानंतर जो उघडेल त्याला अंदाजानं काम करावं लागू नये. विजापूर रोडच्या आयटीआयची पोरं कधी येऊन बसतात, त्यांनाही पहिलं काम म्हणून ही चिठ्ठी लिहायला देतो.

एक वस्तू मात्र मी दुरुस्त करत नाही, ती म्हणजे उघड्या कॉईलची शेगडी. मातीच्या भाजलेल्या तबकडीत नागमोडी खाच आणि तिच्यात नायक्रोमची उघडी स्प्रिंग. गड्ड्याच्या जत्रेत स्वस्तात मिळायची, रॉकेलच्या रांगेपेक्षा बरी वाटायची. दूध उतू गेलं की कॉईलवर सांडतं, कॉईल ढिली होऊन वर येते, पातेल्याच्या बुडाला टेकते, आणि बाई ओल्या हातानं पातेलं धरते. शेगडीला अर्थ देऊन, वायर बदलून, काहीही करून भागत नाही, कारण फेज जिथं उघडी आहे तिथंच पातेलं ठेवायचं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, नुसती कॉईल घाला, पाच मिनिटांचं काम आहे. खरंच पाच मिनिटांचं आहे. रागावून शेगडी उचलून नेलेली माणसं आहेत, आणि दोन दुकानं पलीकडं त्यांना कॉईल घालून मिळते हेही मला माहीत आहे. तरी मी घालत नाही. वायर कापून, तबकडी धुऊन परत देतो आणि पैसे घेत नाही.