हवेची लाइन (वर्कशॉपमधील) : नळ्यांची निवड

कंप्रेसरच्या टाकीपासून हत्यारापर्यंत दाबलेली हवा नेणारी नळ्यांची मांडणी. लहान-मध्यम वर्कशॉपमध्ये दाब साधारण 7 बार असतो. नळी कशाची घ्यावी हा प्रश्न वरवर दाब सोसण्याचा वाटतो, पण खरी परीक्षा पाणी आणि सांधे घेतात.

कोकणातल्या पावसाळी दिवशी, 30 अंश सेल्सिअसला, 1 घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते. 7 बारला, वातावरणाचा दाब धरून, अशी 8 घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबली जाते. ती निवली की पेलाभर पाणी सुटते. टाकीत किंवा ड्रायरमध्ये अडले नाही, तर ते लाइनीत उतरते. म्हणून मुख्य नळीला सुमारे 100 मीटरला 1 मीटर उतार, टोकाला ड्रेन कॉक, आणि मशीनची शाखा नळीच्या पाठीवरून काढून हंसाच्या मानेसारखी खाली वळवलेली. शाखा पोटातून काढली की स्प्रे गनमधून रंगाबरोबर पाणीही उडते.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेली लोखंडी नळी, ही फिटरच्या हातात बसलेली. आयएस 1239 नुसार पिवळा पट्टा हलक्या, निळा मध्यम (बी क्लास) आणि लाल जड (सी क्लास) नळीचा. एक इंची नळीची भिंत बी क्लासमध्ये 3.2 मिमी, सी क्लासमध्ये 4.0 मिमी. फरक किरकोळ वाटतो, तो आटे पाडेपर्यंत. एक इंची आटा सुमारे दीड मिमी खोल जातो. बी क्लासची जवळजवळ निम्मी भिंत तिथेच संपते आणि जस्ताचा थरही निघतो. गंज सुरू होतो तो त्याच आट्यांतून. सुतळी-सफेद्याने गळती थांबते, गंज थांबत नाही. त्याचे पापुद्रे पुढे फिल्टरमध्ये साचतात.

ओतीव लोखंड इतिहासजमा. पॅरिसमध्ये व्हिक्टर पॉपने 19व्या शतकाच्या अखेरीस उभारलेले शहरभरचे हवेचे जाळे मात्र 1994 पर्यंत चालले.

पीव्हीसी स्वस्त, हलकी, दुकानात हाताशी. वर दाबाचा आकडा छापलेला. तो आकडा पाण्यासाठी असतो. पाणी दाबाने फारसे आकसत नाही, म्हणून नळी फुटली की पाणी सांडून दाब उतरतो. हवा मात्र एकदम फुगते आणि नळीचे धारदार तुकडे भिरकावते. कंप्रेसरची उष्णता आणि काही तेले या नळीला आणखी कमजोर करतात. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेने 1988 मध्ये उघड्यावरच्या हवेच्या लाइनींबाबत याच धोक्याचा इशारा दिला होता. प्रस्तुत नोंद पीव्हीसीला पर्याय मानत नाही. पीपीआर या दुसऱ्या प्लास्टिकच्या नळीबद्दल मतभेद आहेत. निर्मात्याची हवेसाठी लेखी मान्यता असेल तरच तिचा विचार व्हावा.

तांबे उत्तम, महाग. स्टेनलेस स्टील प्रामुख्याने औषध व अन्न कारखान्यांत.

ॲल्युमिनियमच्या तयार नळ्यांना आटे पाडावे लागत नाहीत. सांधा दाबून किंवा आवळून बसतो आणि लाइन हलवायची झाल्यास सुटाही होतो. आतून गुळगुळीत असल्याने दाबातली घटही कमी होते. मात्र पत्र्याच्या छपराखाली 20 अंशांनी तापली तर 30 मीटरची नळी सुमारे 14 मिमी वाढते, लोखंडी जेमतेम 7 मिमी. क्लॅम्प घट्ट आवळून टाकण्याची जुनी सवय इथे नडते.

नळी कोणतीही असो, चाचणी साबणाच्या फेसाची. 7 बारच्या लाइनीत 3 मिमीचे एक छिद्र उघडे राहिले, तर ते भरून काढायला कंप्रेसरची तीन किलोवॅटच्या आसपास शक्ती जाते.