पाणी प्यायलेली गाडी

गेल्या शनिवारी एक सेकंडहँड गाडी बघायला गेलो होतो. २०१८ चं मॉडेल, चकाचक, किंमत मात्र बाजारभावापेक्षा बरीच कमी. सोबत मामा होता, सांगलीचा. त्याने बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट डाग, रेघ मारल्यासारखा. नंबर एमएच १०. मामा म्हणाला, "कृष्णेचं पाणी प्यायलीय ही."

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी उतरायला कित्येक दिवस लागले. मामाची स्वतःची गाडी तेव्हा बुडाली होती, त्यामुळे त्याला कुठे बघायचं ते पाठ आहे.

घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला, की या गाड्या पुन्हा बाजारात येतात कशा?

आपल्या शहरी नोकरदारांना हा प्रकार खरा कळला तो २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस, आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही! काचा-दारं अडकून काहीजण गाडीतच गुदमरून गेले. पाणी ओसरल्यावर अनेकांनी साहजिकच चावी फिरवली, आणि तिथेच घात झाला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपन्या म्हणायच्या, पूर पॉलिसीत बसतो, पण पाण्यातलं इंजिन चालू केलंत हा तुमचा निष्काळजीपणा. इंजिनासाठी वेगळं अ‍ॅड-ऑन कव्हर आपल्याकडे आलं ते त्यानंतर.

दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या (आयडीव्ही) ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी 'टोटल लॉस'. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा भंगाराच्या भावात विकला जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं, की वाहन नष्ट झालं किंवा कायमचं निकामी झालं तर १४ दिवसांत कळवा. पण धुऊन-पुसून चालू होणारी गाडी 'कायमची निकामी' कुठे असते? आरसीवर पुराचा रकाना नाही. म्हणजे डेटाबेसमधला फील्डच नाही, मग क्वेरी कशावर मारणार!

अमेरिकेत तो फील्ड आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिनाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं. तिथे अशा गाडीच्या मालकीपत्रावर 'सॅल्व्हेज' किंवा 'फ्लड' असा शिक्का बसतो. पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, त्यामुळे गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन शिक्का 'धुवायचा' धंदाच आहे. त्यावर देशभराची एकच नोंद ठेवायचा कायदा १९९२ चा, आणि ती ग्राहकांना बघायला मिळाली २००९ मध्ये. सरकारी प्रोजेक्टची डेडलाइन तिकडेही तशीच ;-)

जुनी पद्मिनी बिचारी पुसून वाळवली की बऱ्याचदा चालायची. आताच्या गाड्यांत जागोजागी इलेक्ट्रॉनिक्स. एअरबॅगचा कंट्रोलर तर बहुतेक गाड्यांत गिअरपाशी, फरशीलगत. कनेक्टर आतून हळूहळू गंजतात. आज गाडी मस्त पळते, आणि एअरबॅग ऐन धडकेत उघडत नाही. आणि ही गाडी मी घेत होतो आई-बाबांसाठी.

डीलरला म्हटलं, २०१९ चं सर्व्हिस रेकॉर्ड दाखवा. तो म्हणाला, "साहेब, आधीच्या मालकाकडे असेल."

मामाने बेल्ट सोडून दिला. तो अर्ध्यावरच अडकला.