दिल्ली-दौलताबाद अंतर व बीडची वाट

महंमद तुघलकाचा पडलेला दात बीड येथे समारंभाने पुरण्यात आला व त्यावर कबर उभारली गेली, असे फिरिश्ता लिहितो. बीडनजीक ते स्थान आजही दाखवितात. प्रवासी या कथेस हसून पुढे जातो. अभ्यासकाने मात्र सुलतान त्या वेळी कोठून कोठे चालला होता हे पाहावे. माबरवरील स्वारीत वरंगळ येथे सैन्यात साथ पसरली, सुलतान स्वतः आजारी पडला, आणि बीड, पैठण या मार्गाने तो दौलताबादेकडे परतला. नकाशावर ही तिन्ही स्थळे जवळजवळ एका ओळीत येतात. फिरिश्ता या घटनेनंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी लिहीत होता. त्यामुळे दाताविषयी शंका घ्यावी; वाटेविषयी शंका घेण्याचे कारण दिसत नाही.

1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादेस नेण्याचे कारण बरनीने दिले आहे ते असे की, दिल्ली, गुजरात, लखनौती, सोनारगाव, तेलंगण, माबर, द्वारसमुद्र व कंपिली ही सर्व तेथून जवळजवळ समान अंतरावर आहेत. हे विधान पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की ते मोजून पाहण्याची गरजच कोणास वाटली नसावी. सरळ रेषेने, म्हणजे विमान जाईल त्या मार्गाने मोजल्यास दौलताबादेपासून वरंगळ सुमारे 510 किलोमीटर, हळेबीड 750, दिल्ली 970, मदुरा 1,160 आणि सोनारगाव 1,640 किलोमीटर भरते. सर्वांत जवळचे व सर्वांत दूरचे यांत तिपटीहून अधिक तफावत आहे. शिवाय सोनारगाव दौलताबादेपेक्षा दिल्लीसच जवळ पडते. तेव्हा बरनीचे समकेंद्रत्व भूगोलास धरून नाही. दिल्लीहून मदुरा दोन हजार किलोमीटरांवर पडते व दौलताबादेहून जवळजवळ निम्म्यावर येते, एवढाच लाभ खरा. आणि तो दक्षिणेपुरता होता.

अंतरापेक्षा काळ महत्त्वाचा. इब्न बतूता दिल्ली-दौलताबाद प्रवास चाळीस दिवसांचा सांगतो. दुतर्फा झाडांमुळे वाटसरूस बागेतून चालल्याचा भास होई, असेही तो नमूद करतो. सुलतानासाठी गंगाजल याच चाळीस दिवसांच्या वाटेने येत असे. म्हणजे सरळ रेषेतील दैनिक गती सुमारे 24 किलोमीटर पडते. त्याच गतीने बीडहून दौलताबाद पाच दिवसांवर येते. पालखीत पडलेल्या आजारी सुलतानास किती दिवस लागले असतील, हा प्रश्न वेगळा. आज दिल्ली ते चिकलठाणा हे सुमारे 980 किलोमीटरांचे अंतर विमान दोन तासांच्या आतबाहेर कापते. बीडकराला मात्र चिकलठाण्यापर्यंत भूमार्गानेच यावे लागते.

बातमीची गती याहून निराळी होती. सिंधहून दिल्ली पन्नास दिवसांची वाट, पण डाक पाच दिवसांत पोहोचे, असे इब्न बतूता म्हणतो. हेच प्रमाण दक्षिणेच्या वाटेस लावल्यास दिल्लीची वार्ता दौलताबादेस चार दिवसांत कळावयास हवी. बंडाची बातमी चार दिवसांत आणि सैन्य चाळीस दिवसांत: राजधानी हलविण्याचा खरा हिशेब बरनीच्या समान अंतरांत शोधण्यापेक्षा या दोन आकड्यांत शोधणे अधिक युक्त होईल.