मुंगूस, झोळी आणि संशय

पाळण्यातले मूल, राखणीला बसलेले मुंगूस आणि त्याचे रक्ताने माखलेले तोंड : ही गोष्ट ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळाच. शाळेत तिचे तात्पर्य 'अविचाराने वागू नये' एवढेच सांगितले गेले, आणि तिच्यात झालेला एक मोठा बदल आपल्या नजरेतून निसटला.

'तंत्राख्यायिका' या 'पंचतंत्रा'च्या जुन्या पाठात मुंगसाला मारतो तो बाप. नारायणाच्या 'हितोपदेशा'तही उज्जयिनीचा माधव ब्राह्मणच हे करतो. बायको स्नानाला गेलेली, याला राजाकडून श्राद्धाचे बोलावणे, म्हणून मूल मुंगसावर सोपवलेले. पूर्णभद्राने ११९९ मध्ये सिद्ध केलेल्या पाठात मात्र मुंगसावर पाण्याचा घडा टाकते ती आई. तिने त्या पोरक्या पिल्लाला स्वतःच्या मुलाबरोबर दूध पाजून वाढवलेले आहे, पण त्याच्या जातिस्वभावावर तिचा विश्वास नाही. म्हणूनच पाण्याला जाताना ती नवऱ्याला राखण करायला बजावते, आणि तो भिक्षेच्या लोभाने घर सोडून जातो. या पाठात वध आईच्या हातून घडतो, पण शेवटी बोल लागतो तो नवऱ्यालाच. मला हा पाठ अधिक खरा वाटतो, कारण त्यातला संशय अचानक उपजत नाही. तो बाळाच्या जन्मापासून घरात आहे.

हा संशय वऱ्हाडातल्या बाळंतिणीच्या खोलीनेही ओळखला होता. आमच्या अकोल्याकडच्या घरी बाळंतीण आली की कुत्रे गोठ्यात जाई, मांजरीला उंबरा बंद होई. कारण सोयराचे सांगितले जाई. दहा-बारा दिवस ओवा-शेपांच्या धुरीचा आणि बाळाच्या दुपट्यांचा वास मात्र अंगणापर्यंत येतच असे. बारशानंतर दार उघडे तेव्हा कुत्र्याला तो वास नवा नसे. हे कोणी योजून केले असे मी म्हणणार नाही. पण आज पाळीव जनावरांचे जाणकारही बाळ घरी येण्याआधी त्याचे कापड कुत्र्याला हुंगू द्या असेच सांगतात.

पुढे कापूस वेचणीच्या दिवसांत हेच बाळ धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत निजे, आणि आई तासात वाकलेली असे. झोळीखाली कुत्रे. नाग, मण्यार, घोणस हे वऱ्हाडच्या काळ्या मातीत कथेतले साप नव्हेत. इथे विश्वास ही चैन नव्हती, निकड होती. मजुरी बुडवून राखण करणे परवडणाऱ्यांची संख्या थोडी.

मुंगसाची कथा सहाव्या शतकात बुर्झोयने पहलवीत नेली, आठव्यात इब्न अल्-मुकफ्फाने अरबीत. युरोपात पोचेपर्यंत मुंगसाचा कुत्रा झाला. तेराव्या शतकात एतिएन द बूर्बों या धर्मोपदेशकाला फ्रान्समध्ये लिओंजवळ गीनफोर नावाच्या ग्रेहाउंडची पूजा आढळली. याच कथेसारखा निरपराध मारला गेलेला तो कुत्रा. आणि आया आपली आजारी बाळे त्याच्याच थडग्यापाशी आणीत. त्याने ती जागा उद्ध्वस्त करविली. तरी आया कित्येक शतके येतच राहिल्या.

मराठीत 'हितोपदेश' १८१५ मध्ये श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून निघाला. म्हणजे छापील मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पावलांबरोबर माधव ब्राह्मणाचे ते मुंगूसही मराठी घरांत आले. ज्यांच्या झोळ्या धुऱ्यावर होत्या, त्यांच्यापैकी किती जणींना ते वाचता येत होते, हा प्रश्न वेगळा.