संगीताची जाहिरात (महाराष्ट्र)

गाणे, ध्वनिमुद्रिका किंवा मैफल श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी छापील आणि प्रक्षेपण माध्यमांतून केलेली प्रसिद्धी. संगीत नाटकांच्या काळात हस्तपत्रके आणि वृत्तपत्रांतील जाहिराती प्रयोगाची तारीख, थिएटर, तिकिटाचे दर आणि प्रमुख नटांची नावे देत. ग्रामोफोन कंपनीने 1902 मध्ये भारतात ध्वनिमुद्रण सुरू केल्यावर तबकड्यांच्या सूचिपत्रांची भर पडली. सुरुवातीच्या अनेक तबकड्यांत गायक शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत.

पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ हे रेडिओवरून झालेल्या संगीतप्रसिद्धीचे ठळक उदाहरण. गीतकार ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके यांची ही 56 गीते रेडिओने घरोघर नेली. वृत्तपत्रांत छापलेल्या शब्दांमुळे ती पाठ झाली. पैसे मोजून केलेल्या कोणत्याही जाहिरातीला हे साधले नसते. त्याआधी 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ने टूथपेस्टच्या जाहिरातीतून चित्रपटगीतांची क्रमवारी रुजवली. विविध भारतीवर 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या. दूरदर्शनवर 1976 पासून.

पुणे–सोलापूर रस्त्यावरील डाळज, भिगवण, इंदापूर या पट्ट्यात यात्रेतल्या तमाशाची वर्दी मात्र भिंतीवरचे पोस्टर आणि गाडीवरचा भोंगा देत. ग्रामीण संगीतप्रसिद्धीच्या इतिहासात त्यांचे स्थान रेडिओइतकेच मोलाचे आहे; ही पोस्टरे जतन व्हायला हवीत.