ड्रॅक्युलाचे साडू

कोकणात भूत पाहिलेला माणूस सहसा भेटत नाही. भेटतो तो भूत पाहिलेल्याचा साडू. आमच्या पोफळीत डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे. १९६२ पासून ते महाराष्ट्राला उजेड पुरवतंय, पण भुतांच्या केसालाही धक्का लागला नाही. कारण आमची भुतं अंधारात राहत नाहीत, ऐकीव माहितीत राहतात.

ब्रॅम स्टोकर पोफळीला कधी आला नव्हता, पण हे मर्म त्याने ओळखलं होतं. १८९७ सालची त्याची 'ड्रॅक्युला' म्हणजे रोजनिशा, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणं यांचं बाड. सुरुवातीची प्रकरणं सोडली तर काउंटसाहेब फारसे दिसतच नाहीत. दिसतात ती त्यांना घाबरलेली माणसं. मीना नावाची हुशार बाई ते सारे कागद टाइप करून क्रमाने लावते, तेव्हा कुठे भुताचा माग लागतो. थोडक्यात, सगळे साडू एका ओटीवर बसवलेले!

सिनेमावाल्यांची पंचाईत झाली ती इथेच. तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला साडू चालत नाही, भूत प्रत्यक्ष लागतं.

मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने १९२२ साली हक्क न घेताच, नावं बदलून 'नॉस्फेराटू' काढला. स्टोकरच्या पत्नीने कोर्ट गाठलं आणि १९२५ साली चित्रपट नष्ट करण्याचा हुकूम मिळवला. तरी काही प्रती वाचल्याच; पिशाच्चाचा सिनेमा एवढ्यावर कसला मरतोय? उन्हाने पिशाच्च मरतं, ही कल्पना त्याचीच. पुस्तकातला काउंट लंडनमध्ये भर दिवसा हिंडतो. पण जिना चढणारी ती नुसती सावली पाहावी. माझ्या मते, सगळ्यांत चोरटा सिनेमाच पुस्तकाच्या सगळ्यांत जवळ गेला.

१९३१ चा बेला लुगोसी इतका सभ्य की सुळेही दाखवत नाही. १९५८ साली ख्रिस्तोफर लीने ते रंगीत रक्तासकट दाखवले. १९९० साली रामसे बंधूंनी 'बंद दरवाजा'त पिशाच्चाला हिंदीत आणलं. १९९२ साली कोपोलाने सिनेमाच्या नावातच स्टोकरला बसवलं, रोजनिशाही ठेवल्या आणि वर पुस्तकात नसलेली जन्मोजन्मीची प्रेमकथा वाढली.

या गडबडीत खरं नुकसान झालं मीनेचं. पुस्तकात तिचं डोकं चालतं. पडद्यावर बहुतेकदा तिची मानच तेवढी कामाला आली.

कादंबरीच्या शेवटी तर मीनेचा नवरा कबूल करतो, की मूळ कागद जवळजवळ उरलेलेच नाहीत, आहेत त्या टाइप केलेल्या प्रती; कोणी विश्वास ठेवावा, असा आग्रह नाही. सिनेमाकडे मात्र केप, सुळे, रक्त, सगळा पुरावा असतो. म्हणून तर दिवे लागले की आपण निर्धास्त घरी जातो. पुस्तक मिटल्यावर मात्र परसात जायला सोबत लागते.