मुंबई पाहिल्याची एक याद

पुढील लेखांत ज्या कागदाचा विचार केला आहे तो लांबीनें सुमारें एक वीत व रुंदीनें आठ अंगुळें असून आमच्या घरच्या रुमालांतील आहे. एका बाजूस मोडी लिपींत धान्याच्या देण्याघेण्याचा हिशेब आहे. त्यास आरंभ नाहीं व शेवटही नाहीं. दुसऱ्या बाजूस बाळबोध लिपींत अकरा ओळी आहेत. एका कुटुंबानें एका दिवसांत मुंबई शहरीं काय काय पाहिलें व कोठें काय खर्च केला याची ती याद आहे. उजवीकडील खर्चाचे आकडे कसरीनें खाल्ले आहेत. माथ्यावर मिती असावी, पण तो कोपरा फाटून गेला. तेव्हां उरलीं तीं स्थळांचीं नांवें आणि मधून मधून एखादें तुटक वाक्य.

राजकारणाच्या दृष्टीनें ह्या कागदाची किंमत शून्य, हें प्रथमच कबूल करतों. तरी तो वाचकांपुढें ठेवण्याचें कारण असें कीं, ह्या अकरा ओळींचा काल आणि कर्ता ह्या दोन्ही बाबतींत आमच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या चुकीची समजूत चालत आली, व तीस वर्षांहून अधिक काळ त्या चुकींत मीही भागीदार होतों.

रुमालावर माझ्या एका चुलत्यांनीं निळ्या पेन्सिलीनें लिहिलेली चिठी आहे: "ज्युबिलीचा मुंबईप्रवास." घरांतील समजूत अशी कीं, माझे पणजोबा सहकुटुंब पुण्याकडून आगगाडीनें ज्युबिलीचा समारंभ पाहण्यास मुंबईस गेले व त्यांनीं ही याद लिहिली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झाल्याचा उत्सव हिंदुस्थानांत १६ फेब्रुवारी १८८७ रोजीं झाला, तोच हा दिवस. मींही माझ्या संग्रहाच्या सूचींत तसेंच नोंदलें होतें.

यादींतील स्थळांचा क्रम असा: बोरीबंदर, मुंबादेवी, महालक्ष्मी, राणीचा बाग, अजबखाना, दगडी हत्ती, ट्राम, राणीचा पुतळा व राजाबाईचा मनोरा, काळा घोडा, पालवा. अकराव्या ओळींत "बांगड्या" एवढाच शब्द आहे. हा क्रम नकाशावर घालून पाहिला तर दिवसाची वाट सरळ दिसते. बोरीबंदरास उतरून पायधुणीकडे मुंबादेवीस, तेथून महालक्ष्मी, मग भायखळ्यास बाग, आणि उतरत्या दिवसाबरोबर दक्षिणेकडे कोटांतून समुद्रापर्यंत. वाळकेश्वर व बाणगंगा यांचा उल्लेख नाहीं. देवदर्शनापासून दिवसाचा आरंभ करणाऱ्या कुटुंबानें वाळकेश्वर गाळावें याचें मला प्रथम नवल वाटलें. पण मलबार टेंकडी ह्या वाटेच्या एका बाजूस राहते, व पोरेंबाळें बरोबर घेऊन एका दिवसांत तें साधणें कठीण होतें.

आतां कालाकडे वळूं. राणीचा पुतळा १८७२ त उघडला गेला. राजाबाईचा मनोरा प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या आईच्या नांवें दिलेल्या द्रव्यांतून उभा राहिला व १८७८ च्या नोव्हेंबरांत पुरा झाला. काळा घोडा, म्हणजे प्रिन्स आफ वेल्स एडवर्ड याचा अश्वारूढ ओतीव पुतळा, ससून घराण्यानें दिला व तो १८७९ त बसविण्यांत आला. तेव्हां ही याद १८७९ च्या पूर्वीची असूं शकत नाहीं. १८६३ त छापलेल्या गोविंद नारायण माडगांवकर यांच्या 'मुंबईचें वर्णन' ह्या ग्रंथांत ह्या तिहींपैकीं एकही सांपडणार नाहीं. आचार्य व शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९ चा, तो आमच्या कागदास अधिक जवळचा. लोकांनीं राजपुत्रास विसरून घोड्याचेंच नांव धरलें, ही गोष्ट मला नेहमीं मौजेची वाटते. पुतळा १९६५ सालीं तेथून काढून राणीच्या बागेंत नेला, तरी जागेचें नांव काळा घोडाच राहिलें. २०१७ त स्वाराविना दुसरा घोडा तेथें उभा करण्यांत आला. म्हणजे मधल्या बावन्न वर्षांत कोणी आपल्या रोजनिशींत "काळा घोडा पाहिला" असें लिहिलें असेल, तर त्यानें केवळ एक चौक पाहिला असें समजावें. नांवावरून वस्तूचें अस्तित्व गृहीत धरणें किती घातक आहे, हें ह्यावरून दिसेल.

हाच दोष आमच्या यादींतील दुसऱ्या दोन नांवांस लागतो. माझ्या चुलत्यांचें म्हणणें असें कीं, "बोरीबंदर" असें लिहिलें आहे त्या अर्थीं स्टेशनास राणीचें नांव पडण्यापूर्वीचा हा कागद, म्हणजे फार तर १८८७ चा. पण व्हिक्टोरिया टर्मिनस हें नांव पडल्यावरही लोकांच्या तोंडचें बोरीबंदर सुटलें नव्हतें. तसेंच "कोट" ह्या शब्दाचें. कोटाच्या भिंती फ्रिअर साहेबाच्या कारकीर्दींत, १८६० नंतरच्या दशकांत, पाडल्या गेल्या. शब्द मात्र अजून जिवंत आहे. ह्या दोहोंचा कालनिर्णयास उपयोग नाहीं.

वरची मर्यादा दोन उल्लेखांवरून ठरते. सातव्या ओळींत ट्रामचे घोडे बदलल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईंत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजीं सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीस व बोरीबंदराहून पायधुणीस असे तिचे पहिले दोन मार्ग होते, व कुलाबा ते पायधुणी ह्या प्रवासास आरंभीं तीन आणे पडत. विजेची ट्राम १९०७ त आली आणि १९६४ च्या मार्चअखेर तीही बंद झाली. तेव्हां कागद १९०७ च्या अलीकडचा नाहीं. दुसरा उल्लेख दगडी हत्तीचा. घारापुरी बेटास युरोपियनांनीं 'एलिफंटा' हें नांव ज्यावरून दिलें तो हा हत्ती. त्याचें डोकें व मान १८१४ त गळून पडली, पुढें उरलेलें धूडही कोसळलें, आणि १८६४ त ते तुकडे मुंबईस आणून राणीच्या बागेंत टाकण्यांत आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत ते जोडून हत्ती पुन्हां उभा केला. आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत तो आहे. आमच्या यादींत "हत्ती म्हणतात, धोंडेच" असें आहे. ज्यानें हें लिहिलें त्यानें हत्ती जोडण्यापूर्वींचा ढीग पाहिला. साऱ्या कागदांत मला हें वाक्य सर्वांत अधिक आवडतें. पाहणाऱ्यानें सांगितलेलें न मानतां डोळ्यांनीं पाहिलेलें लिहिलें.

ह्या १८७९ ते १९०७ च्या अवधींतून आणखी कांहीं छाटतां येईल काय? पालव्याची ओळ पाहूं. तींत वाद्यें व गलबतें आहेत, पण ताजमहाल हाटेलाचें नांव नाहीं. तें हाटेल १९०३ च्या डिसेंबरांत उघडलें, आणि पालव्यावर उभें राहणाऱ्यास तो घुमट न दिसणें अशक्य. अनुल्लेख हें प्रमाण दुर्बळ खरें. तथापि जो माणूस धोंड्यांच्या ढिगाचीही नोंद घेतो तो एवढी इमारत सोडील असें वाटत नाहीं. 'गेटवे' तर १९२४ चा. त्याचा येथें संबंधच येत नाहीं.

राणीच्या पुतळ्यास यादींत "पांढरा" असें विशेषण आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनीं दिलेला हा संगमरवरी पुतळा तारायंत्राच्या कचेरीजवळ होता. १८९६ च्या आक्टोबरांत दामोदर चाफेकर यांनीं त्यास डांबर फांसलें. यावरून, पुतळा पांढरा होता तेव्हां याद १८९६ पूर्वींची, असें एका मित्रानें मला सुचविलें, व कांहीं काळ मी तें मानलेंही. परंतु तें डांबर पुढें रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनीं काढून टाकलें. पुतळा पुन्हां पांढरा झाला. म्हणून हें प्रमाण सोडून द्यावें लागलें. १८९६ ची मर्यादा मला तरीही संभवनीय वाटते, ती वेगळ्या कारणास्तव. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत मुंबईंत ग्रंथिक सन्निपाताची सांथ उघड झाली. त्यापुढील कांहीं वर्षें लोक मुंबई सोडून पळत होते, व आगगाडीच्या उतारूंची तपासणी चालली होती. अशा दिवसांत मुलेंबाळें घेऊन कोणी बाग पाहण्यास येईल हें पटत नाहीं.

राहिली ज्युबिली. तिच्याविरुद्ध पुरावा कागदावरच होता, व तो कोणीं पाहिला नाहीं, मींही नाहीं. पालव्याच्या ओळीच्या अखेरीस "पाऊस आला, परतलों" असें आहे. फेब्रुवारींत मुंबईंत पाऊस पडणें जवळजवळ अशक्य. शिवाय उत्सवाच्या दिवशीं आलेल्यानें समारंभाचें अक्षरही लिहूं नये, हें कसें संभवेल? हा प्रवास ज्युबिलीचा नव्हे. कोणत्या तरी पावसाळ्याचा आहे. १८७९ ते १८९६ यांपैकीं कोणतें वर्ष, याहून अधिक ह्या कागदावरून निघत नाहीं, व तें ओढून काढण्याचा प्रयत्न मी करणार नाहीं.

आतां कर्ता. येथें माझी स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त आहे. १९९० च्या सुमारास कागद आठव्या ओळीवर चिरत चालला, म्हणून मीं खळ लावून त्यावर पातळ कागदाची पट्टी चिकटविली. संग्राहक जाणतात कीं खळीस कसर लागते. आज जे आकडे गेले आहेत त्यांतील निम्मे तरी त्या वेळीं शाबूत होते; त्यांची नक्कल मीं करून ठेविली नाहीं, आणि पुढें माझ्याच खळीनें ते खाविले. दोन वर्षांपूर्वी ओलसर कापसानें ती पट्टी सोडविली तेव्हां आठव्या ओळीचा माथा प्रथमच उघडा झाला. राणीच्या पुतळ्याच्या उल्लेखानंतर ओळ अशी आहे: "मनोऱ्यावर हे चढले पाय दुखले म्हणून खालीं बसलें." शेवटच्या अक्षरावरील अनुस्वार पट्टीखालीं झांकला गेला होता, आणि पट्टीपूर्वीं आम्हीं सर्वांनीं "बसले" असेंच वाचलें होतें, कारण तसें वाचण्याची आमची तयारी होती.

ह्या एका टिंबानें वाक्याचा अर्थ फिरतो. "चढले" व "बसले" यांचा कर्ता एकच, असें धरून आम्हीं समजत होतों कीं बरोबरचे कोणी आप्त चढले आणि दमून बसले. पण जुन्या लेखनांत "बसलें" हें अनेकवचनी पुल्लिंगी रूप नव्हे. पुरुष स्वतःविषयीं लिहिता तर "बसलों" म्हणता. "बसलें" म्हणजे एक तर मूल बसलें, किंवा स्त्री स्वतःविषयीं बोलत आहे. मुलांचा उल्लेख बागेच्या ओळींत "मुलें" असा आहे. येथें एकवचनी "मूल" नाहीं. आणि ह्या वाक्यांतील "हे" कोण? नांव नाहीं, नातें नाहीं, पदवी नाहीं. सातव्या ओळींतही "हे उतरून घोडे पाहूं लागले" असें आहे. ज्या काळीं बायको नवऱ्याचें नांव घेत नसे त्या काळीं नुसतें "हे" कोणाच्या तोंडीं येई, हें मराठी वाचकास सांगावयास नको. मनोऱ्यावर पणजोबा चढले. पाय दुखले म्हणून खालीं बसली ती माझी पणजी, आणि याद तिनें लिहिली.

माझ्या चुलत्यांच्या पक्षास एक बळकट आधार आहे, तो दडवीत नाहीं. घरच्या एका खरेदीखतावर पणजीच्या नांवापुढें बांगडीची निशाणी आहे. त्यावरून ती निरक्षर होती असें घरांत सर्व समजत. पण दस्तावर स्त्रियांची निशाणी बांगडी करण्याचा प्रघातच होता. तेवढ्यावरून तिला लिहितां येत नव्हतें असा निश्चय करतां येत नाहीं. पुण्यांत मुलींची शाळा १८४८ पासून होती; एखाद्या मुलीनें घरींच भावाच्या पाटीवर बाळबोध गिरविलें असेल तर त्याची नोंद कोठें असणार? पणजोबांचे जे कागद माझ्यापाशीं आहेत ते झाडून सारे मोडी आहेत, वळणदार व जलद. यादीचें अक्षर मोठें, सावकाश काढलेलें, शब्द बोलतात तसे लिहिलेले. हीं दोन अक्षरें एका हाताचीं नव्हेत, हें मोडी न जाणणाऱ्यासही दिसेल.

एक शंका मात्र मला स्वतःला राहते. याद त्याच दिवशीं लिहिली कीं घरीं परतल्यावर आठवून? शाई सर्व ओळींची एक आहे, आणि धान्याच्या हिशेबाचा टाकाऊ कागद मुंबईस बरोबर नेला असेल हें संभवत नाहीं. माझें मत असें कीं ती घरीं, कांहीं दिवसांनीं, फडताळांतला हातीं लागला तो कागद घेऊन लिहिली. तसें असेल तर स्थळांचा क्रम हा प्रवासाचा क्रम असेलच असें नाहीं. परंतु तो नकाशाशीं इतका जुळतो कीं मी तो मान्य करतों.

रुमालावरची निळ्या पेन्सिलीची चिठी मीं काढलेली नाहीं. तीही आतां एक कागदच आहे. तिच्याखालीं दुसरी चिठी लाविली आहे, खळीशिवाय, दोऱ्यानें. तीवर पणजीचें नांव घालावयाचें होतें. तिचें सासरचें नांव खरेदीखतावर आहे, तेंच घातलें. माहेरचें नांव घरांत आतां कोणास ठाऊक नाहीं.